सुगतच्या वहीतला समुद्र

सदर बाजार, कोल्हापूर
रविवार, ७ नोव्हेंबर १९८२

सौ. पारू हिस,
गणपतीचा सप्रेम जय भीम.

तू मुरगूडला भावाकडं गेलीस त्याला आज तेवीस दिवस झाले. तू बरी असशील, आकारामच्या घरची मंडळीही बरी असतील. मी बरा आहे. शिरोलीच्या फौंड्रीत काम बक्कळ आहे. ओतकामाचे दोन लाकडी पॅटर्न अर्जंट द्यायचे होते म्हणून आजचीही अर्धी सुट्टी शिरोलीतच गेली. भाकरी मला जमत नाही. आक्काताई शेजारधर्म पाळते, संध्याकाळी दोन भाकरी आणून देते आणि दारातूनच विचारते, "पारूबाई कवा येनार?" मी म्हणतो, येईल.

अक्षर मोठं आणि सुटं काढतोय, आपल्या सुगतनं तुला पाटीवर गिरवायला दिलं होतं तसं. म्हणजे हे पत्र तुला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायला लागणार नाही. सावकाश वाच.

तू जाताना म्हणालीस, "ज्या पान्यानं माझं प्वार गिळलं, त्येच कॅन भरभरून घरात आनलासा? आता ह्या खोलीत एक तर ते ऱ्हाईल, न्हायतर मी."  तुला वाटलं असेल, माणूस भ्रमिष्ट झाला. मी भ्रमिष्ट झालेलो नाही. ऑगस्टात सुगतची ट्रंक झाडली तेव्हा कॉलेजची प्राणिशास्त्राची वही निघाली. मागच्या पंधरा पानांवर त्यानं एक टाकी मांडली आहे. वर लिहिलंय, 'घरातला समुद्र'. तीस इंच लांब, पंधरा रुंद, पंधरा उंच. खाली वाळू किती, शिंपल्यांचा चुरा किती, हवा कुठून सोडायची, पहिल्या महिन्यात काय करायचं नाही, सगळं लिहिलंय.

आणि पारू, आपल्या खोलीचा नकाशा काढलाय. तुझं शिलाईचं मशीन खिडकीकडं सरकवलंय, माझी कॉट भिंतीला चिकटवलीय, आणि मधे टाकीची चौकट. मी कामावरची टेप आणून मोजलं. मधे साडेतीस इंच जागा निघाली. पोरानं कधी मोजली असेल?

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होता तेव्हा त्यानं मला विचारलं होतं, "आबा, टाकी ठेवाय लाकडाचा घोडा करून देतासा का?" मी म्हणालो, "मानसांस्नी पाय पसराय जागा न्हाय आन माशास्नी बंगला?" तू हसलीस. तोही हसला. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. शिरोलीत लोकांच्या पंपांचे पॅटर्न मी रोज करतो, आणि पोराला एक घोडा करून दिला नाही. तो आता केला. सागवानाचा.

पण टाकी काही धड झाली नाही. वहीत लिहिलंय की खाऱ्या पाण्याला लोखंड चालत नाही. मी म्हटलं, दोन हात रंग मारला की चालतंय. वेल्डरकडून अँगलची चौकट करून घेतली, काचा पुट्टीनं बसवल्या आणि रत्नागिरीहून मासळी आणणाऱ्या टेंपोवाल्याकडून वीस लिटरचे सहा कॅन मागवले. तू बघितलेस ते तेच. त्यानं दोन पट्ट्यापट्ट्यांचे मासेही दिले. चौथ्या दिवशी पाणी तांबूस झालं. आठव्या दिवशी दोन्ही मासे मेले. परवा कोपरा सुटला आणि सगळं पाणी आक्काताईच्या उंबऱ्यापर्यंत गेलं.  ती फडकं घेऊन आली आणि माझ्याबरोबर पुसत बसली.

आकाराम इनामदार सरांवर अर्ज करायचं म्हणत होता, त्याला सांग, घाई करू नको. सर पोरांना सहलीला समुद्रावर घेऊन गेले होते हे खरं. पण घाई करू नको म्हणावं.

औषधाच्या गोळ्या घेतेस ना? थंडी पडायला लागली आहे.

तुझा,
गणपती

*

सदर बाजार, कोल्हापूर
रविवार, १९ डिसेंबर १९८२

सौ. पारू हिस,
गणपतीचा जय भीम.

तुझं पत्र नाही. आकाराम मात्र आला होता, हे तुला ठाऊक असेलच. मंगळवारी दुपारच्या सुट्टीत फौंड्रीच्या गेटवर उभा होता. अर्ज टाईप करून आणला होता. इनामदार सरांच्या हयगयीमुळे विद्यार्थी बुडाला, त्यांना नोकरीतून काढावं, असा. खाली तुझी सही होती. अक्षर अगदी सुगतसारखं काढतेस. शेजारी माझ्या सहीला जागा सोडली होती.

मी म्हणालो, "पाव्हणं, ऱ्हाऊ द्या."

तो उसळलाच. पन्नास माणसांपुढं ओरडला, "ऱ्हाऊ द्या? माझ्या भाच्याचा मुडदा वाळूवर पडला हुता आन बाप म्हनतोय ऱ्हाऊ द्या! कॉलेजवाल्यांनी फितीवलंय काय तुमाला?"  मग तो म्हणाला, "बहिनीला काय सांगू?" मी म्हणालो, मी लिहितो तिला. आता लिहायला बसलोय, आणि हे एवढं लिहायलाच तासभर लागला. माझा हात त्या सहीला धजत नाही, पारू. एवढंच आज लिहितो.

टाकीचं सांगतो. लोखंड काढून टाकलं. काचवाला बाळासो, ज्यानं आपला आरसा बसवून दिला होता, त्यानं मुंबईहून रबरासारखा चिकट मसाला मागवून दिला. त्यानं काचेला काच चिकटते, चौकट लागतच नाही. आम्ही दोघांनी मिळून जोडली. आठ दिवस वाळू दिली, साधं पाणी भरून बघितली. थेंब गळला नाही. बाळासो म्हणाला, "गणपतराव, ही तुमच्या मागं शंभर वर्सं ऱ्हाईल." मी म्हणालो, माझ्या मागं कुणासाठी ठेवू?  असं बोलायला नको होतं मी.

खाली भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या, त्यावर शिंपल्यांचा चुरा, त्यावर वाळू आणि वर पुन्हा त्याच टेंपोवाल्याकडून आणलेलं खारं पाणी. हवेचा पंप दिवसरात्र घुरघुरतो. वीज गेली की ट्रकच्या मोठ्या ट्यूबमध्ये भरून ठेवलेली हवा चिमटा सैल करून थोडी थोडी सोडतो. पाणी आटतं, पण मीठ आटत नाही, म्हणून वरून खारं पाणी घालायचं नाही. गॅरेजमधून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणतो आणि रेघेपर्यंत भरतो. हे सगळं वहीतलं आहे. या वेळी एक अक्षरही सोडलेलं नाही.

सगळ्यात अवघड काम म्हणजे काहीच न करणं. त्यानं लिहिलंय, 'पाणी पिकू द्यावं. दीड-दोन महिने त्यात प्राणी सोडू नये. घाई केली तर मरतात.' शेवटच्या चार शब्दांखाली दोनदा रेघ आहे. तर नुसत्या पाण्याची टाकी घेऊन बसलोय. कामावरून आलो की दिवा लावतो आणि पाण्याकडं बघतो.

येत्या रविवारी सुगतला जाऊन वर्ष होतं. आकारामनं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम मुरगूडला ठेवलाय, असं आक्काताईच्या भावाकडून कळलं. मला निरोप आला नाही. मी येणार नाही, तुझ्या माणसांत भांडण नको. इथं त्याच्या फोटोपुढं मेणबत्ती लावीन आणि त्रिसरण म्हणेन. माझा आवाज चांगला नाही, तू म्हणायचीस तेव्हा बरं वाटायचं.

तुझा,
गणपती

*

सदर बाजार, कोल्हापूर
रविवार, ३० जानेवारी १९८३

पारू,

हे पत्र एकटीनं वाच. आकाराम जवळ असेल तर घडी घालून पोलक्यात ठेव आणि तो रानात गेला की काढ.

अमावास्येला मी रत्नागिरीला जाऊन आलो. तिथंच, जिथं ते झालं. बरोबर हंबीरराव होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला शिपाई, सुगतला आणला तेव्हा गाडीतून आपल्याबरोबर दवाखान्यात आलेला, पांढऱ्या मिशांचा. टाकीतल्या पाण्याचं मीठ मोजायची काचेची नळी मागायला मी त्याच्याकडं गेलो होतो. त्यानं नळी दिली आणि विचारलं, "खडक आनाय कवा जायाचं?" मी म्हणालो, जमायचं नाही मला. तो म्हणाला, "मला तरी कुटं जमतंय. दोघं जाऊ."

संध्याकाळच्या ओहोटीला पोचलो. समुद्र एवढा मागं गेला होता की खडकच खडक. एकेका खळग्यात पाणी साचलेलं, आणि त्यात रंगीत माळ ओवून टाकावी तसे जीव. मी आयुष्यात पहिल्यांदा बघितले. वाटलं, ह्याच्यासाठी तडफडत होता होय. खोटं कशाला बोलू, पारू, दोन मिनिटं मी त्याला विसरलो आणि नुसता बघत राहिलो. मग एकदम आठवलं की कुणाच्या डोळ्यांनी हे बघायचं होतं.

हंबीररावनं पुढचा मोठा खडक दाखवला. माझ्या खांद्यावर हात ठेवूनच सांगितलं. "सरांनी फॉर्मवरनं नावं वाचली. ज्यांस्नी पवाय येतंय ती आठ पोरं फुडच्या खडकावर, बाकीची मागं. सुगतचं नाव सातवं. पानी भरतीला वळलं तशी सरांनी शिट्टी मारली. समदी फिरली. सुगत वाकून कायतरी बघत ऱ्हायला. लाट मोठी न्हवती ओ, गुडघ्याएवढी. पाय सरकला. पवनारं प्वार असतं तर दोन हातात काठाला लागलं असतं. सरांनी कपड्यासकट उडी घेतली, खांदा फोडून घेतला. हाताला घावला न्हाय."

मग म्हणाला, "फॉर्म सरांच्या कपाटात हाईत. चौकशीवाल्यांनी मागिटलं तवा सर म्हनलं, गहाळ झालं. मी इचारलं, सर, ते दावलं तर तुमच्यावरचं बालंट जाईल की. तर म्हनलं, हंबीरराव, त्या बापाला अजून त्या बाईबरोबर संसार करायचा आहे."

आता तुला कळलं असेल. तरी मी माझ्या हातानं लिहितो.

सहलीच्या आधीच्या आठवड्यात सुगत सायकलवरून शिरोलीला आला होता, दुपारच्या सुट्टीत. हातात कॉलेजचा फॉर्म होता. "आबा, हितं सही. आन ह्या वळीत व्हय का न्हाय ते लिवा." ती ओळ होती, 'पोहता येते काय?'

मी म्हणालो, "तुला कुटं येतंय रं?"

"न्हाय लिवलं तर काठावर बरण्या धराय बसीवतील. एवढ्या लांब जाऊन मोठं खडक बघाय मिळायचं न्हाईत. मी पान्यात उतरतच न्हाय की, आबा. वरनंच बघनार."

"आईला इचारलंस?"

"आई सोडंल व्हय?"

भोंगा झाला. मी त्याच्याच पेननं 'होय' लिहिलं आणि खाली सही केली. तो खूश झाला. पायडल मारत गेला, वळणावर हात केला. मी आत गेलो आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही गेलो. घरी आल्यावर तू विचारलंस, "समुद्रावर जायाचं म्हनतोय, भ्या न्हाय न्हवं?" मी म्हणालो, "सर हाईत की बरोबर."

पोहायला मला येतं. तो आठवीत असल्यापासून म्हणत होतो, उन्हाळ्यात कळंब्याला नेऊन विहिरीत शिकवतो. दर उन्हाळ्यात ओव्हरटाइम लागला. सहा उन्हाळे.

नऊ-दहा महिने तू इनामदार सरांना शिव्याशाप देत होतीस आणि मी शेजारी बसून ऐकत होतो. रोज रात्री ठरवत होतो, उद्या सांगू. मग वही सापडली. वाटलं, आधी त्याचं हे काम पुरं करू, मग सांगायला तोंड राहील. हे सगळं टाकीचं सोंग त्यासाठीच होतं, आणि टाकी झाली तरी तोंड काही आलं नाही. एक माणूस माझ्या संसारासाठी स्वतःची नोकरी पणाला लावून बसलाय हे ऐकलं तेव्हा मी त्या खडकावर खाली बसलो. हंबीरराव म्हणाला, पाणी वळलं, चला.

येताना नारळाएवढा एक खडक आणला. त्यावर एक समुद्रफूल आहे. फूल म्हणतात, पण तो जीव आहे. आंब्याच्या घाटातून टेंपोत पायांमध्ये कॅन धरून बसलो आणि कोल्हापूर येईपर्यंत सायकलच्या पंपानं हवा घालत राहिलो. टाकीत सोडल्यावर तीन दिवस मुठीसारखं मिटून होतं. चौथ्या दिवशी उमललं.

उद्या मी इनामदार सरांकडं जातो. प्रिन्सिपॉलना लिहून देणार आहे. तुला आधी कळावं म्हणून हे पत्र आज टाकतो.

माफ कर असं लिहिणार नव्हतो. ते मागायला तू समोर पाहिजेस, आणि समोर उभं राहायची माझी हिंमत नाही.

गणपती

*

सदर बाजार, कोल्हापूर
रविवार, १३ मार्च १९८३

पारू,

परवा शुक्रवारी तू येऊन गेलीस हे आक्काताईनं सांगितलं. मी दिवसपाळीला असतो हे तुला माहीत होतं, म्हणून तू शुक्रवार निवडलास, हे मला कळलं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

आधी तू कॉलेजवर गेलीस तेही कळलं. हंबीरराव काल संध्याकाळी घरी आला होता. म्हणाला, तुला बघून इनामदार सर खुर्चीतून उठले आणि तू जाईपर्यंत बसले नाहीत. तू फॉर्म मागितलास. मला वाचवायचं म्हणून की काय, त्यांनी आधी नको म्हटलं. मग कपाट उघडून दिलं. तू त्या एका शब्दावरून बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "ह्यांचंच अक्षर हाय. 'ह'ची शेपटी अशीच वडत्यात." मग सरांना म्हणालीस, "मी तुमाला लई वाईट बोलल्ये. माझं प्वार गेलं हुतं." सर रडले, असं हंबीरराव म्हणाला. तू रडली नाहीस.

अर्ज आकारामकडून घेऊन तू कॉलेजच्या गेटवरच फाडलास, तेही चांगलं केलंस. मी प्रिन्सिपॉलना लिहून दिलं त्या दिवशी सर मला म्हणाले होते, "कशाला आलात, गणपतराव? झाकून गेलं असतं." मी म्हणालो, "झाकूनच चाललं होतं, सर." त्यांचा उजवा खांदा अजून नीट वर उचलत नाही. खडूनं लिहिताना डाव्या हातानं कोपर धरतात.

इथली हकीकत आक्काताईकडून मी तीन वेळा ऐकली. तू किल्ली घेतलीस, दार लोटून घेतलंस आणि दोन तास आत होतीस. ती चहा घेऊन आली तेव्हा तू टाकीपुढं फरशीवर बसली होतीस. चहा निवून गेला. तू तिला विचारलंस, "ह्यात जित्तं काय हाय?" ती म्हणाली, "काय की बाई, एक फूल हाय म्हनत्यात." तू म्हणालीस, "ते तर मेलंय."  मग तू उठलीस, त्याची वही घेतलीस, त्याचा निळा स्वेटर घेतलास आणि दारात म्हणालीस, "त्यास्नी सांगा, मी येनार न्हाय. वाट बघू नका म्हनावं."

आक्काताईला ते मला सांगायला फार जड गेलं. सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती.

ठीक आहे, पारू. मी वाद घालत नाही. तुझ्या जागी मी असतो तर इतक्या हळू आवाजात बोललो नसतो. तुझं शिलाई मशीन टेंपोनं पाठवतो, तिकडं चार कपडे शिवून होतील. वही तुझ्याकडंच राहू दे. सात महिन्यांत मला ती पाठ झाली आहे. तुला एखादा शब्द लागला नाही तर विचारायला मात्र कुणी नाही, याचं वाईट वाटतं. त्याची अक्षरं घाईत असली की 'र' आणि 'स' सारखेच दिसतात.

एकच गोष्ट तुला कळायला हवी, म्हणून हे पत्र. नाहीतर लिहिलं नसतं.

ते मेलेलं नाही. तू आलीस तेव्हा वरचा दिवा बंद होता. दिवसा मी तो बंद करून जातो. अंधारात ते मिटून घेतं, चिखलाच्या गोळ्यासारखं दिसतं, बघणाऱ्याला वाटतं सगळं संपलं. दिवा लावला की पाऊण तासानं उघडतं. आधी कडेची बोटं बाहेर येतात, तपकिरी, टोकाला जांभळट. मग सगळं पसरतं, वाटीएवढं. पाण्याच्या हेलकाव्याबरोबर हलत राहतं. खडकाच्या मागच्या अंगाला हिरवे बारीक गोंडेही आलेत. ते मी आणले नव्हते, आपसूक आले. हे तुला बघायला मिळालं नाही आणि तू ते मेलंय असं समजून गेलीस, हे मला दोन रात्री सहन होईना.

दिव्याचं बटण टाकीखालच्या घोड्याच्या उजव्या पायाला आतून बसवलंय. किल्ली आक्काताईकडंच असते. सोमवार ते शनिवार मी सकाळी सातला बाहेर पडतो आणि संध्याकाळी सहाच्या आत येत नाही. तू आलीस तर ती मला सांगणार नाही, तसं मी तिच्याकडून वचन घेतलंय. मीही तिला विचारणार नाही.

मी घरात नसेन तेव्हा ये. दिवा लाव, आणि पाऊण तास बस.

सुगतचा बाप,
गणपती